सत्तेचाळीस की फोर्टी-सेव्हन? घरच्या घरी घ्या मुलांचा गणित आणि इंग्रजीचा सराव

माझी भाची बंगळुरूला राहते. दुसरीत आहे, इंग्रजी माध्यमात. घरात मराठी, सोसायटीच्या मैदानावर कन्नड आणि हिंदी, शाळेत इंग्रजी. गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे आली होती. आजी वाण्याच्या सामानाचा हिशेब करत होती, म्हणून कौतुकाने तिला वही-पेन्सिल दिली आणि म्हणाली, "लिही गं, साखर सत्तेचाळीस रुपये."

तिने लिहिलं, ७४.

"डाळ त्रेसष्ट."

तिने लिहिलं, ३६.

बेरीज अर्थातच चुकली. मामा सहज हसत म्हणाला, "दुसरीत आहेस ना तू? साधं सत्तेचाळीस लिहिता येत नाही?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तिने वही मिटली आणि म्हणाली, "मला मॅथ्स येतच नाही."

थोड्या वेळाने मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "फोर्टी-सेव्हन लिहून दाखव बरं." क्षणात ४७. "सिक्स्टी-थ्री?" क्षणात ६३. मग दोन्हींची बेरीजही तिने न अडखळता केली.

म्हणजे गणित तिला येत होतं. अडत होतं ते दुसरंच काहीतरी. पण "मला मॅथ्स येत नाही" हे वाक्य मात्र तिच्या मनात जाऊन बसलं होतं. सात वर्षांच्या मुलीने स्वतःबद्दल एवढ्या लवकर असा निकाल देऊन टाकावा, याचं मला फार वाईट वाटलं.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात हे रोज घडतं. मूल अडलं की आपण म्हणतो, "लक्ष नाही", "आळशीपणा करतोय", "गणितात कच्चा आहे". मग आणखी वर्कशीट, आणखी पाठांतर, कधी शिकवणी. पण सराव वाढवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: मुलाला नेमकं काय अडतंय? गणित, इंग्रजी की दोघांच्या मधला शब्द? हे एकदा कळलं की रोजची पंधरा मिनिटंही पुरतात.

आकडा तोच, शब्द उलटा

आपण मोठी माणसं 'सत्तेचाळीस' इतक्या सवयीने म्हणतो की त्यातली गंमत आपल्या लक्षातच येत नाही. या शब्दात आधी सात ऐकू येतो आणि नंतर चाळीस. पण लिहिताना आधी चार आणि मग सात. इंग्रजीत 'फोर्टी-सेव्हन' म्हणताना जो क्रम ऐकू येतो, तोच क्रम लिहायचा असतो. कन्नडमध्येही 'इप्पत्तोंदु' म्हणजे आधी वीस आणि मग एक. हिंदीत मात्र मराठीसारखाच उलटा क्रम, 'इक्कीस'. दिवसभरात तीन-चार भाषा ऐकणाऱ्या मुलाचा गोंधळ झाला तर त्यात नवल काय?

२०१९ साली यावरून महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली होती, आठवतंय? बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' अशी संख्या वाचण्याची पद्धत आली आणि घरोघरी, टीव्हीवर, विधिमंडळात वाद रंगले. गणितज्ञ मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष होत्या. मराठी संख्यानावांतली जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना अवघड जातो, अशी त्यामागची भूमिका होती. बदल आवडो वा न आवडो, त्या चर्चेने एक गोष्ट समोर आणली: ही अडचण खरी आहे आणि ती मुलाच्या हुशारीशी जोडलेली नाही.

मग घरी काय करायचं? 'सत्तेचाळीस' सोडून द्यायचं का? अजिबात नाही. दोन्ही शब्द एकाच आकड्याशी जोडून द्यायचे.

दहा रुपयांच्या काही नोटा आणि एक रुपयाची काही नाणी घ्या. मुलाला सांगा, "मला सत्तेचाळीस रुपये दे." चार नोटा, सात नाणी. नोटा डावीकडे, नाणी उजवीकडे ठेवायची. मग त्यांच्याच खाली कागदावर ४ आणि ७ लिहायचे. आता तेच तीन प्रकारे म्हणायचं: "चार दहा आणि सात", "सत्तेचाळीस", "फोर्टी-सेव्हन". लगेच ७४ रुपये मांडायला सांगा आणि विचारा, "यातले कोणते पैसे घेशील खाऊला?" दोन ढिगांतला फरक डोळ्यांना दिसला की आकड्यांची अदलाबदल आपोआप कमी होते.

मराठी शब्दांत दडलेला आणखी एक खजिना मुलांना दाखवा. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, सगळीकडे हाच नियम. शब्द नीट ऐकला तर उत्तर शब्दातच आहे! फक्त ९९ ला आपण नव्व्याण्णव म्हणतो, तेवढा अपवाद. मुलांना असे अपवाद पकडायला फार आवडतात.

आणि हो, इंग्रजीही काही अगदी सरळ नाही. 'फोर्टीन' आणि 'फोर्टी', 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांत मुलं हमखास फसतात. शेवटचा 'न' ठासून म्हणायचा आणि त्याच वेळी बोटांनी आकडा दाखवायचा, असा खेळ आठवडाभर घेतला तरी फरक पडतो.

गणित अडलं की इंग्रजी? अशी करा परीक्षा

इंग्रजी माध्यमातल्या मुलाच्या वहीत हे गणित आहे असं समजा: टोपलीत १५ आंबे होते, ६ खाल्ले, 'हाऊ मेनी आर लेफ्ट?' मूल गप्प. तुम्हाला वाटतं, वजाबाकी येत नाही.

आता वही बंद करा आणि तेच मराठीत गोष्टीसारखं सांगा. "आजीने १५ आंबे आणले, आपण ६ खाल्ले, किती उरले?" मुलाने "नऊ" म्हटलं तर वजाबाकी येते. त्याला 'लेफ्ट' कळला नाही. त्याच्या लेखी 'लेफ्ट' म्हणजे डावा हात!

आणि मराठीत सांगूनही उत्तर आलं नाही तर? मग १५ शेंगदाणे द्या आणि त्यातले ६ खाऊन टाकायला सांगा. शेंगदाण्यांवर जमलं तर कल्पना कळली आहे, अजून तोंडी सराव हवा आहे. शेंगदाण्यांवरही अडलं तर मात्र वजाबाकी म्हणजे काय, इथूनच सुरुवात करायची.

बघा, एकच चुकलेलं गणित, पण तीन वेगळी कारणं आणि तीन वेगळे उपाय. वर्कशीट तिन्ही मुलांना एकच मिळते, म्हणून ती अनेकदा उपयोगी पडत नाही.

गणिताच्या पुस्तकातले काही इंग्रजी शब्द मुलांना हमखास अडवतात. हे शब्द घरातच, गप्पांमधून पक्के करून घ्या:

• ऑल टुगेदर: सगळे मिळून
• लेफ्ट: उरलेले (आणि डावासुद्धा!)
• डिफरन्स: दोन संख्यांमधला फरक
• ईच: प्रत्येकी
• शेअर इक्वली: सारखे वाटणे
• टेबल: पाढा (जेवायचं टेबल वेगळं!)
• हाऊ मेनी मोर: कितीने जास्त

यातला शेवटचा सगळ्यांत फसवा. 'मोर' दिसलं की मुलं बेरीज करून मोकळी होतात. "ताईकडे ९ खडू, तुझ्याकडे ५. ताईकडे कितीने जास्त?" हे खरे खडू शेजारी शेजारी मांडून दाखवा. जोड्या लावल्यावर ताईच्या रांगेत जे एकटे राहिले, तेच उत्तर.

बाजारात हुशार, वहीत गप्प

"रोजच्या व्यवहारातून गणित शिकवा" हा सल्ला आपण नेहमी ऐकतो. तो चांगलाच आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग एका अभ्यासाने छान दाखवला.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. भाजी विकणारी ही मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब मनातल्या मनात बिनचूक करत होती. पण तशाच प्रकारची गणितं शाळेच्या पद्धतीने कागदावर दिली की बहुतेक मुलं अडत होती. आणि शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं? त्यांचं नेमकं उलट. कागदावरची गणितं त्यांना तुलनेने जमायची, पण बाजारातल्या हिशेबात ती मागे पडायची.

म्हणजे व्यवहारातलं गणित आपोआप वहीत उतरत नाही आणि वहीतलं आपोआप बाजारात जात नाही. मधला पूल कुणीतरी बांधावा लागतो. घरात तो पूल आपण बांधू शकतो.

उदाहरण घेऊ. दुकानात दुधाच्या पिशवीचे २८ रुपये झाले आणि तुम्ही ५० ची नोट दिली. मुलाला विचारा, "किती परत मिळतील?" बहुतेक दुकानदार वजाबाकी करत नाहीत, ते पुढे मोजतात. २८ आणि २ तीस, तीस आणि २० पन्नास, झाले २२. मुलालाही हीच युक्ती शिकवा. मग घरी आल्यावर कागदावर ५० वजा २८ मांडा आणि शाळेच्या पद्धतीने, हातचा घेऊन सोडवू द्या. उत्तर पुन्हा २२! "अरे, हे तर तेच दुधाचं गणित!" हा जो क्षण असतो ना, त्यासाठी सगळा खटाटोप.

हे काम किती गरजेचं आहे? 'असर २०२४' या ग्रामीण भारतातल्या पाहणीत, तिसरीतल्या साधारण एक तृतीयांश मुलांनाच वजाबाकीचं गणित सोडवता आलं. आधीच्या पाहणीपेक्षा ही स्थिती सुधारलेली आहे, तरीही तीनपैकी दोन मुलं अजून मागेच आहेत. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब यावेत, यासाठीच केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'निपुण भारत' ही मोहीम सुरू केली. शाळा त्यांचं काम करतील, पण पोळ्या मोजणं आणि सुट्टे पैसे परत घेणं शाळेत नाही, घरातच होतं.

स्वयंपाकघरातले अपूर्णांक

चौथी-पाचवीत अपूर्णांक आले की मुलं घाबरतात. खरं तर मराठी मुलांना ते आधीच माहीत असतात! पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकीचे पाढे पाठ केले होते. ते आता पाठ करायची गरज नाही, पण हे शब्द घरातून जाऊ देऊ नका.

पोळी कापताना विचारा, "हिचे चार सारखे भाग केले, त्यातले तीन तुला दिले. किती पोळी झाली?" पाऊण. भाजी आणताना सांगा, "पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम. मग पाऊण किलो?" उपमा करताना रवा एक वाटी, पाणी अडीच वाट्या असं माप मुलालाच घेऊ द्या. थोडं सांडेल, चालायचंच.

घड्याळ तर सगळ्यांत छान. 'पावणेचार' म्हणजे चाराला पाव तास उणा. इंग्रजीत तेच 'क्वार्टर टू फोर'. 'सव्वाचार' म्हणजे 'क्वार्टर पास्ट फोर', 'साडेचार' म्हणजे 'हाफ पास्ट फोर'. एकाच घड्याळात गणित, मराठी आणि इंग्रजी तिन्हींचा सराव. भिंतीवरचं काट्यांचं घड्याळ बंद पडलं असेल तर आजच सेल बदला. मोबाईलवरच्या आकड्यांमध्ये 'पाव' दिसत नाही, काट्यांमध्ये दिसतो.

सापशिडी काढा बाहेर

खेळातून खरंच गणित येतं का, याची शंका असेल तर हे वाचा. अमेरिकेतल्या गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना त्यांनी सरळ रांगेत १ ते १० आकडे असलेल्या पटावर खेळू दिलं. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांचे फक्त चार डाव. तेवढ्यानेही आकडे ओळखणं, मोजणं, लहान-मोठी संख्या सांगणं हे सगळं सुधारलं आणि नऊ आठवड्यांनीही टिकून राहिलं. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांमध्ये तसा फरक दिसला नाही.

यात एक बारीक युक्ती आहे. सोंगटी १४ वर आहे आणि फाशावर ३ पडले, तर मुलं "एक, दोन, तीन" म्हणत पुढे जातात. त्याऐवजी "पंधरा, सोळा, सतरा" म्हणायला लावा. म्हणजे मूल फासा नाही, संख्या मोजतं. एक डाव मराठीत, एक डाव इंग्रजीत खेळा.

आपल्या सापशिडीत दर ओळीला दिशा बदलते, त्यामुळे चार-पाच वर्षांच्या मुलांचा गोंधळ होतो. त्यांच्यासाठी फरशीवर खडूने १ ते २० अशी सरळ रांग काढा आणि सोंगटीच्या जागी मुलालाच उड्या मारू द्या. पत्ते, सागरगोटे, गोट्या यांतही मोजणं आहेच. मोबाईल थोडा वेळ बाजूला राहील, हा फायदा वेगळा!

इंग्रजी: आधी कान, मग जीभ, मग डोळे, शेवटी हात

आता इंग्रजीकडे वळू. मराठी मुलाला इंग्रजी वाचताना पहिला धक्का बसतो तो अक्षरांचा. देवनागरीत 'क' दिसला की 'क' म्हणायचं, बस! इंग्रजीत मात्र अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसराच. 'सी-ए-टी' हे पाठ करून 'कॅट' कसं होणार? शिवाय 'बी-यू-टी' बट, पण 'पी-यू-टी' पुट! अक्षरं २६, पण आवाज साधारण ४४. मुलाने "असं का?" विचारलं तर ते बरोबरच विचारतंय.

म्हणून घरी अक्षरांच्या नावांआधी त्यांचे आवाज शिकवा. फोनिक्सच्या अनेक पुस्तकांत सुरुवात ए-बी-सी-डीने होत नाही. 'स', 'ॲ', 'ट', 'प', 'इ', 'न' या सहा आवाजांपासून होते. कारण एवढ्यातून लगेच कितीतरी शब्द तयार होतात: सॅट, पॅट, टॅप, पिन, टिन, नॅप, टिप, सिप. पहिल्याच आठवड्यात मूल खराखुरा शब्द वाचतं आणि त्याचा चेहरा फुलतो. कार्डबोर्डचे तुकडे कापून अक्षरं लिहा आणि शब्द जुळवायला द्या. 'पॅन' आणि 'पेन' यांतला फरक ऐकू यायला हवा, त्यासाठी आपल्याकडे 'ॲ' आणि 'ए' अशी वेगळी अक्षरं आहेतच. मराठीचा हा फायदा घ्या.

बी आणि डी उलटी लिहिणं या वयात अगदी नेहमीचं आहे. पूर्वी धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवायचे, तसं ताटात रवा पसरून बोटाने मोठ्ठी अक्षरं काढू द्या. हाताला वळण लागलं की वहीतही सुधारतं.

"पण मलाच इंग्रजी नीट येत नाही, मी काय शिकवणार?" असं खूप आयांना वाटतं. तुम्हाला शिकवायचं नाहीये, ऐकायचंय. मुलाला म्हणा, "आज शाळेत कोणता नवीन शब्द शिकलास? मलाही शिकव." शिकवताना मूल सगळ्यांत जास्त शिकतं. आणि आपल्या बोलण्यात बस, स्टेशन, टॉवेल, बॉटल, फ्रीज असे किती इंग्रजी शब्द असतात! जेवताना एक खेळ घ्या: कुणी इंग्रजी शब्द बोललं की मुलाने तो पकडायचा आणि डब्यात एक चिंचोका टाकायचा. रात्री चिंचोके मोजायचे. बघा, पुन्हा गणित आलंच!

मूल चुकीचं इंग्रजी बोललं तर मध्येच अडवू नका. ते म्हणालं, "आय गोड टू पार्क", तर हसून म्हणा, "ओह, यू वेन्ट टू द पार्क! मग काय केलंस?" योग्य वाक्य कानावर पडलं, बोलणंही थांबलं नाही.

गोष्टींसाठी पैसे खर्च करायची गरज नाही. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर चित्रांची असंख्य पुस्तकं मोफत आहेत, वाचनाच्या पायऱ्यांनुसार लावलेली. अनेक गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे मिळतात. आधी मराठीत वाचा, पोट भरून हसा, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीत वाचा. गोष्ट माहीत असली की इंग्रजी शब्दांचा अर्थ मूल स्वतः ओळखतं. मग त्याला ती मराठीत सांगायला लावा. सांगता आली तर कळली!

आधी आपली भीती सांभाळा

हे थोडं कडू आहे, पण सांगायला हवं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पहिली-दुसरीच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला. ज्या पालकांना स्वतःला गणिताची भीती होती आणि जे वारंवार गृहपाठात मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची भीतीही वाढली. गणिताला घाबरणारे पण गृहपाठात फारशी मदत न करणारे पालक होते, त्यांच्या मुलांवर हा परिणाम दिसला नाही.

म्हणजे मदत करू नका असं नाही. पण मदतीबरोबर आपला उसासा, कपाळावरची आठी आणि "मलाही कधी गणित जमलं नाही बाई" हे वाक्यही मुलापर्यंत पोहोचतं. गृहपाठाची वही घेऊन बसल्यावर तुमचा आवाज चढत असेल तर वही ठेवा आणि फासे काढा. वाक्यंही बदलून बघा:

• "एवढं सोपं येत नाही?" ऐवजी "कुठपर्यंत जमलं, दाखव."
• "चुकलं!" ऐवजी "हे कसं काढलंस, मला सांग."
• "तू गणितात कच्चा आहेस" ऐवजी "हे अजून जमलं नाहीये, जमेल."

"कसं काढलंस?" हा प्रश्न उत्तर बरोबर असतानाही विचारा. नाहीतर मुलं ओळखतात की हा प्रश्न आला म्हणजे चुकलं!

रोजची पंधरा मिनिटं: एक साधं वेळापत्रक

• सोमवार: नोटा-नाण्यांनी आकडे मांडणे, दोन्ही भाषांत वाचणे
• मंगळवार: आवाजांचे तुकडे जुळवून पाच इंग्रजी शब्द
• बुधवार: एक तोंडी गणित, आधी मराठीत, मग इंग्रजीत
• गुरुवार: एक छोटी गोष्ट मराठीत
• शुक्रवार: तीच गोष्ट इंग्रजीत
• शनिवार: दुकानातला हिशेब, घरी येऊन कागदावर
• रविवार: सापशिडी किंवा पत्ते, घरातल्या सगळ्यांनी मिळून

तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी पाच-सात मिनिटंही पुष्कळ झाली. त्यांना लिहायला बसवू नका, मोजू द्या, बोलू द्या. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायचं नाही. आणि मुलाला मजा येत असतानाच थांबा, म्हणजे उद्या ते स्वतःहून येईल.

एक काळजीची गोष्ट. काही महिने शांतपणे, नियमित सराव घेऊनही मूल आकडे किंवा अक्षरं ओळखण्यात वयाच्या मानाने खूपच मागे असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग वर्गशिक्षकांशी बोला. डिस्लेक्सिया किंवा डिस्कॅल्क्युलिया अशा अध्ययन अक्षमता असू शकतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्यांचा समावेश आहे. त्यांचा बुद्धीशी संबंध नसतो. वेळेवर कळलं तर मदत नक्की मिळते.

आणि ते सत्तेचाळीस?

भाची परत गेल्यावर आजीने एक नियम केला. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आजी मराठीत पाच आकडे सांगते आणि नात ते लिहून कॅमेऱ्यासमोर धरते. मग नात इंग्रजीत पाच आकडे सांगते आणि आजी लिहिते. आजीचं इंग्रजी जेमतेम. पहिल्याच आठवड्यात 'फिफ्टीन' सांगितल्यावर आजीने ५० लिहिलं.

भाची हसली नाही. कॅमेऱ्याजवळ तोंड आणून हळूच म्हणाली, "आजी, शेवटी 'न' आहे, नीट ऐक. पुन्हा सांगते हं."

तिला कोणी असं समजावलं होतं, ते तिने लक्षात ठेवलं होतं. आता एकोणसाठही ती न चुकता लिहिते. आणि "मला मॅथ्स येत नाही" हे वाक्य मी तिच्या तोंडून त्यानंतर ऐकलेलं नाही.